डाव्या हाताची दोन बोटं

पोपट ओव्हाळ यांना एका हाकेत ओ देण्याची सवय नव्हती. हडपसरच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं पंप तपासले. पाण्याच्या टाकीत पंप सोडायचा, कान लावायचा आणि आवाजावरून ठरवायचं, हा चालेल की नाही. इतकी वर्षं पाण्याचा आवाज ऐकून ऐकून माणूस थोडा पाण्यातच राहायला लागला होता. निवृत्तीनंतर रोज सकाळी ते कालव्याच्या कडेने फिरायला जात. नोव्हेंबरात कालव्यावर धुकं उतरे, पलीकडच्या इमारतींचे खालचे मजले नाहीसे होत आणि वरचे मजले तरंगत राहत. त्या मजल्यांकडे बघत ते उभे राहत, ते थेट ऊन चढेपर्यंत.

बायको विजयमाला सहा वर्षांपूर्वी गेली. एकुलती मुलगी सोनाली लष्कराच्या पोलिसांत भरती झाली, लान्स नाईक झाली आणि अरुणाचलात, तवांगच्याही वर कुठेतरी, तिची नेमणूक झाली. फोनवरच्या नकाशात पोपटरावांनी ती जागा शोधून काढली होती. तपकिरी सुरकुत्या आणि मधून गेलेली एक बारीक रेघ. ती रेघ म्हणजे रस्ता. रोज चहा पिताना ते त्या रस्त्यावरून बोट फिरवत वर जात आणि पुन्हा खाली येत. कोणी विचारलं तर सांगत, "मुलगी ढगात ड्यूटी करते."

आधीच्या निवडणुकीत सोनालीने टपालाने मत दिलं होतं. सैनिकांची मतपत्रिका कॉम्प्युटरवर येते. ती छापायची, खूण करायची, पाकिटात घालून पाठवायची. तिने सगळं वेळेत केलं. पण दरड कोसळून रस्ता बंद पडला आणि पाकीट पुण्यात पोचलं तेव्हा मतमोजणी होऊन चार दिवस झाले होते. मोजणीच्या दिवशी सकाळी आठनंतर आलेलं पाकीट उघडत नाहीत, असा नियम आहे.

"पप्पा, माझं मत रस्त्यातच राहिलं," ती फोनवर म्हणाली. म्हणाली आणि हसली.

पोपटरावांना मात्र ते वाक्य सोडेना. डोळे मिटले की त्यांना ती डाकेची गाडी दिसे. दरडीच्या अलीकडे थांबलेली, टपावर धुकं साचलेलं, आत पोत्यात हजार पाकिटं आणि त्यातलं एक सोनालीचं. ड्रायव्हर बिडी ओढत दरीकडे बघतोय. तिकडे मोजणी संपते, गुलाल उधळून होतो, आणि इथे पाकीट अजून थांबलेलंच.

विधानसभेची निवडणूक जवळ आल्याचं कळलं तसे ते आपणहून निवडणूक कार्यालयात गेले. तिथे सैनिक मतदारांचं काम श्यामला जोग नावाच्या बाई बघत. चष्मा कपाळावर, बोलणं तुटक. पोपटरावांनी गाडीची, दरडीची, पाकिटाची सगळी हकीकत सांगितली. बाईंनी मधे न बोलता ऐकून घेतली.

"काका, दरड मी हलवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण सैन्यातल्या माणसाला दुसरी एक सोय आहे. प्रॉक्सी. तिने लिहून दिलं तर तिचं मत तुम्ही इथल्या केंद्रावर टाकू शकता."

"म्हणजे मी दोनदा मत द्यायचं?"

"दोनदा नाही. एकदा तुमचं, एकदा तिचं. नीट ऐका, यात फरक आहे."

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात सगळं लिहून दिलं. सोनालीने कुठे सही करायची, तिच्या कमांडिंग ऑफिसरचा शिक्का कुठे, इथे नोटरीसमोर पोपटरावांची सही कुठे, अर्ज कोणत्या तारखेच्या आत. शेवटी स्वतःचा फोन नंबर. "अडलं तर फोन करा. न अडता करू नका."

अर्ज तीन आठवड्यांनी आला. कागदाला रॉकेलचा मंद वास होता, बहुधा शेगडीजवळ बसून भरलेला असावा. 'मी पुढील व्यक्तीस माझ्या वतीने मत देण्यासाठी नेमत आहे' याच्यापुढे सोनालीने वडिलांचं नाव मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं होतं, पहिलीत पाटीवर लिहायची तसं. पोपटराव बराच वेळ आपल्याच नावाकडे बघत राहिले.

उमेदवारांची यादी लागली त्या रविवारी तिचा फोन लागला.

"पप्पा, मी ठरवलंय. शिवणयंत्र."

शिवणयंत्र ही नम्रता मॅडमची निशाणी. सोनालीच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या.

 पण छत्री या निशाणीवर माधव गव्हाणे उभे होते. कारखाना आठ महिने बंद पडला तेव्हा कामगारांसाठी गेटवर बसलेले माधवराव. विजयमालाच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर रोज येऊन बसणारे, एक शब्द न बोलता नुसते बसणारे माधवराव.

"अगं, पण माधवकाका..."

"माहीत आहे. तुमचं मत तुम्ही त्यांनाच द्या ना. पण पप्पा, मुलींना पळायला ग्राउंड मिळावं म्हणून मॅडम एकट्या भांडल्या होत्या. मी त्या ग्राउंडवर पळले म्हणून इथे आहे. माझं मत माझं..."

फोन कट झाला. ढग आला असेल, असं पोपटरावांना वाटलं.

दोन दिवसांनी माधवराव स्वतः प्रचाराला दारात आले. पाणी प्यायले, भिंतीवरच्या विजयमालाच्या फोटोला हात जोडले आणि निघताना म्हणाले, "तुमच्या घरची दोन मतं धरलीत मी, पोपटराव." पोपटराव काहीतरी पुटपुटले. काय पुटपुटले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

पुढचे दिवस ते कालव्यावर जास्तच रेंगाळले. त्यांच्या मनात एक विचार येई आणि पाण्यावरून वाहत जाई. कोणाला कळणार आहे? यंत्राला कळत नाही, सोनालीला कळणार नाही. छत्रीला दोन मतं, आणि विजयमालाच्या बाकावरचं काहीतरी फिटल्यासारखं होईल.

मतदानाच्या आदल्या दिवशी पाण्यात बघता बघता त्यांना त्यांचे वडील आठवले. वडिलांनी छप्पन्न साली ऐन तारुण्यात दीक्षा घेतली होती. मतदानाच्या दिवशी ते पांढरे कपडे घालून सगळ्यांच्या आधी रांगेत उभे राहत. एकदा लहानग्या पोपटने कारण विचारलं, तर म्हणाले होते, "गावात माझ्या बापाला पाटील म्हणायचा, तू कशाला येतोस उन्हातनं, तुझं मत आम्ही टाकतो. आणि टाकायचा. बाप मरेपर्यंत त्याला शिक्का कसा असतो ते बघायला मिळालं नाही."

पोपटराव कालव्याच्या कठड्यावर बसून राहिले. धुकं विरलं, इमारतींना पुन्हा पाय फुटले, एक खंड्या सरळ पाण्यात शिरून बाहेर आला. ते उठले तेव्हा त्यांची पावलं हलकी झाली होती. घरी जाऊन त्यांनी पांढरा सदरा इस्त्री केला.

मतदान केंद्र महापालिकेच्या शाळेत होतं. प्रॉक्सी म्हटल्यावर टेबलावरचे अधिकारी जरा थबकले, पण त्यांनी जाडजूड पुस्तक उघडून पान काढलं, वेगळी यादी शोधली आणि ओव्हाळ सोनाली पोपट हे नाव सापडलं.

आधी त्यांनी स्वतःचं मत दिलं. डाव्या तर्जनीवर शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन त्यांनी छत्री दाबली.

मग दुसऱ्या खेपेला अधिकाऱ्यांनी त्यांना मधलं बोट पुढे करायला सांगितलं. "हे मुलीचं," ते म्हणाले.

आडोशामागे पुन्हा उभं राहिल्यावर मात्र पोपटरावांना ती खोली दूर गेल्यासारखी वाटली. बाहेरची कुजबुज पाण्याखालून आल्यासारखी. आपल्या हातात दुसराच कोणाचा तरी हात आहे, लहान, थंडीने फुटलेला, असं त्यांना वाटलं. त्या हातानेच शिवणयंत्राशेजारचं बटण दाबलं. काचेमागे चिठ्ठी आली. शिवणयंत्राचं चित्र काही क्षण थांबलं आणि खाली पडलं. यंत्राने लांब शिट्टी दिली. पोपटराव तरी उभेच.

"आजोबा, झालं तुमचं," कोणीतरी म्हणालं. दुसऱ्यांदा म्हटल्यावर ते बाहेर आले.

फाटकाबाहेर, नियमाच्या अंतरावर, माधवराव खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी दोन्ही बोटं बघितली आणि चेहरा उजळला. पोपटरावांना तो उजेड सहन होईना.

"माधवराव, एक तुम्हाला दिलं. दुसरं सोनालीचं होतं. ते तिने सांगितलं तिकडे गेलं."

माधवरावांनी पुन्हा शाईकडे बघितलं. "म्हणजे सकाळी सकाळी मला एक मत दिलंत आणि दोन मिनिटांत ते खोडून आलात."

"तसंच झालं."

"मला न सांगताही चाललं असतं."

"नसतं चाललं," पोपटराव म्हणाले.

 शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरचे पत्रकांचे गठ्ठे माधवरावांनी उचलून खाली ठेवले. पोपटराव त्या खुर्चीवर बसले. दोघंही तासभर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसले, एक शब्दही न बोलता.

निकालात छत्रीही आली नाही आणि शिवणयंत्रही नाही. तिसराच कोणी निवडून आला. पोपटरावांनी श्यामलाबाईंना फोन केला. "काही अडलंय का?" त्यांनी विचारलं. "नाही," पोपटराव म्हणाले, "पोचलं, एवढंच सांगायचं होतं."  मग बाई म्हणाल्या, "बरं झालं, काका," आणि फोन ठेवला.

जानेवारीत सोनाली रजेवर आली. दुसऱ्याच दिवशी पहाटे ती वडिलांबरोबर कालव्यावर गेली. गाल वाऱ्याने काळवंडलेले, चाल सैनिकाची. पोपटरावांना तिच्याबरोबर भराभर चालावं लागत होतं. तिने एकदाही विचारलं नाही की बटण कोणतं दाबलं. विचारलं ते वेगळंच.

"पप्पा, हातात माझं मत असताना कसं वाटत होतं?"

पोपटराव थांबले. तीही थांबली. पलीकडचे मजले नेहमीसारखे तरंगत होते आणि कालव्याचं पाणी वाफाळत होतं.

"जड," ते म्हणाले. मग कठड्याला टेकत, "तू लहान असताना झोपलेली तुला गाडीतळाच्या बसथांब्यापासून घरी उचलून आणायचो ना, तसं. हळू चालावं लागायचं."

सोनालीने पाण्यात एक खडा टाकला. तिकडे रात्री पहाऱ्यावर ढग पायाखाली येतात आणि मग खालची दरी आहे की नाही तेच कळत नाही, असं ती सांगू लागली. पोपटराव ऐकत राहिले. या वेळी तिला त्यांना दोनदा हाक मारावी लागली नाही.