पाण्यातला ळ

रंगात मिसळायच्या टरपिनचा वास नाकात शिरला की मला अजूनही भूक लागते. चैत्रातली सकाळ असावी, कडुनिंबाच्या मोहराचा गोडसर-कडवट गंध अंगणात उतरलेला असावा, आणि अशा वेळी शेजारी कुणी दाराला रंग देत असला की माझी बोटं ब्रश धरल्यासारखी आपोआप मिटतात. चौथीपुढे मी शाळा पाहिली नाही, आणि त्याची मला लाजही नाही. शब्द मला पुस्तकांनी नव्हे, हातांनी दिले. ‘शुभारंभ’ आणि ‘संस्कृतिसंवर्धन’ यांचे अर्थ कळण्याआधी त्यांची वळणं मला पाठ होती. अकोल्यात जठारपेठेतून जाताना मान वर केली की एकेकाळी दुकानांच्या पाट्यांवर माझंच अक्षर दिसायचं. आता तिथे फ्लेक्स फडफडतात.

एक अक्षर मात्र मला जन्मभर वश झालं नाही. ळ. शिरोरेषेला टांगलेल्या दोन वाट्या आणि मध्ये एक गाठ. डावी जरा फुगली की उजवी रुसते, उजवीची समजूत काढावी तर गाठच सैल पडते. त्यात गंमत अशी, की हे अक्षर आम्हा वऱ्हाडी माणसांच्या जिभेवर नाहीच. आमचा डोळा म्हणजे ‘डोया’, आमची शाळा म्हणजे ‘शाया’. जे तोंडातून कधी निघालं नाही, ते हातातून काढायचं.

म्हणून यंदा इथल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी ‘कन्या शाळा’ ही अक्षरं फाटकावरच्या पत्र्यावर ब्रशने लिहून मागितली, तेव्हा छाती भरून आली आणि लगेच त्या ळपाशी अडली. हात आता थरथरतो, ते बाईंनाही दिसलं असावं. “नाही जमलं तर फ्लेक्स लावून टाकू, काका. मनाला लावून घेऊ नका,” त्या मायेने म्हणाल्या. ती मायाच मला झोंबली. हा माझा शेवटचा बोर्ड, हे मी जाणून होतो. तो फ्लेक्सखाली झाकला जाऊ द्यायचा नव्हता.

मी बस धरून अमरावतीला सलीमकडे गेलो. आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. त्याच्या घरी उर्दू, पण ळ त्याच्यासारखा काढणारा दुसरा माणूस मी वऱ्हाडात पाहिला नाही, आणि मी सहजासहजी कुणाला मोठं म्हणत नाही. सलीम अंगणात उकिडवा बसून ओल्या ब्रशने शहाबादी फरशीवर लिहीत होता. रंग नासू नये म्हणून उस्तादांनी आम्हाला लावलेली ही सवय, पाण्याने गिरवायची. त्याचा धंदा केव्हाच सुटला होता. रियाज सुटला नव्हता.

“काहून बे, रस्ता भुलला काय?” माझ्या चपलांचा आवाज ओळखून तो न वळताच म्हणाला.

त्याचा ब्रश फरशीला टेकला होता. मनगट वळलं, गाठ घेतली, पलीकडे उतरलं, आणि काळ्या फरशीवर एक ळ असा उमलला की जणू तो आधीच दगडात होता आणि पाण्याने फक्त त्याला जागं केलं. दोन्ही वाट्या एकमेकींकडे पाहत होत्या. मी श्वास धरून पाहत राहिलो, तोवर अमरावतीच्या उन्हाने तो पिऊन टाकला.

“आला,” मी म्हणालो.

“कायचा आला? उजवी वाटी बसली.”

“म्या पाह्यला ना सलीम. बराबर होता.”

“दाखव मंग.”

दाखवायला फरशी कोरडी होती. तो हसला, आणि पुन्हा ब्रश बुडवला. सगळं आयुष्य घालून जे हाती आलं, ते आल्याचं त्यालाच मान्य नव्हतं. आणि त्या अमान्यतेचा त्याच्या चेहऱ्यावर जरासुद्धा शीण नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिडी धरायला तो माझ्यासोबत अकोल्याला आला. पत्र्यावर ‘कन्या’ उतरलं, ‘शा’ उतरला. मग मी श्वास रोखला, हाताची थरथर वळणात मुरू दिली, आणि ळ काढला. काना ओढून शिरोरेषा पुरी केली. मान मागे घेऊन पाहिलं. डावी वाटी लोंबत होती. अक्षर पुसून टाकायला मी खांद्यावरची रॉकेलची चिंधी ओढली.

“उतर आता,” खालून सलीम म्हणाला. “आला तो.”

“कायचा आला? डावी वाटी पाय ना.”

“पाहूनच तं राहिलो बे. तू नाकाजवळून पायतं, मी खालून.”

तेवढ्यात एक बाई स्कूटी थांबवून वर पाहू लागली. ओल्या अक्षरांवरून तिची नजर सावकाश फिरली. “कन्या शाया,” ती स्वतःशीच वाचत म्हणाली, आणि मग सलीमला विचारलं, “भाऊ, पोरीचं नाव शायेत टाकाचं हाय, हेच ना?”

“हेच,” सलीम म्हणाला.

अक्षर जो काढतो, त्याच्या वाट्याला ते कधी पुरं दिसत नसेल काय? फरशीवरचा तो ळ मला पुरा दिसला होता, सलीमला नाही. रंग ओला होता, चिंधी हातात होती, आणि चैत्राचं ऊन हळूहळू पत्र्यावर चढत होतं. मी शिडीवरच थांबलो.