डाव्या पायाचा क्रँक

आमच्या गावाला सायकलचा क्रँक, म्हणजे पेडल ज्याला बसवतात तो दांडा, काढायला एकच हत्यार लागायचं: हातोडा. आतल्या पिनेवर दोन ठोके घातले की दांडा सुटलाच. एवढ्याच ज्ञानावर त्या रविवारी मी गाझियाबादच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कामाला बसलो होतो.

दीड महिन्यापूर्वी बायको ई-रिक्षातून पडली आणि डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण गुडघा नव्वद अंशांवर अडला तो अडलाच. डॉक्टर म्हणाले, "सोमवारपर्यंत पुढे सरकला नाही, तर भूल देऊन जबरदस्तीने वाकवावा लागेल." घरी येऊन तिने जाहीर केलं, "मी पुन्हा त्या टेबलावर झोपणार नाही. राहू दे पाय काठीसारखा." समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि खरं सांगतो, भीती मलाही तेवढीच होती. पहिल्या ऑपरेशननंतर ती भुलीतून लवकर जागी होईना. त्या दोन तासांत मी देवाशी काय काय बोललो, ते मलाच माहीत.

व्यायाम घेणाऱ्या बाईंनी उपाय सांगितला. माझी गिअरची सायकल, जिच्यावर आजवर टॉवेलच जास्त वाळले, ती स्टँडवर उभी करायची आणि तिला लहान मुलांच्या सायकलचे छोटे क्रँक लावायचे. वर्तुळ लहान, म्हणजे गुडघा कमी वाकवून फिरवता येतं. बायको हो म्हणेपर्यंत शनिवार उजाडला. मी दिल्लीतल्या झंडेवालानच्या सायकल बाजारातून छोटे क्रँक आणि पुलर घेऊन आलो. पुलर म्हणजे क्रँकच्या आट्यांत पिळून बसवायचं आणि दांडा बाहेर ओढायचं हत्यार. दुकानदार म्हणाला, "सर, बोल्ट के नीचे वॉशर होगा, पहले वो निकालना. फिर पुलर पूरा अंदर तक कसना, तभी घुमाना." मी म्हटलं, "हाँ हाँ, पता है." तीस वर्षं सरकारी फायलींवर शेरे मारलेल्या माणसाला वॉशर कोण शिकवणार!

डाव्या क्रँकचा बोल्ट निघाला. वॉशर काळ्या ग्रीसमध्ये लपून बसला होता, तो मी पाहिलाच नाही. पुलर दोन आटे आत जाऊन अडला. अडला तर थांबावं ना! मी पान्याला पाइप अडकवून जोर लावला. कर्रकन आवाज झाला आणि पुलर आट्यांचा चुरा घेऊन हातात आला. क्रँक जागच्या जागी. मग गावची विद्या, हातोडा! चार ठोके घातल्यावर घरातून बायकोचा आवाज आला, "अहो, सायकल नीट करताय की मारताय?"

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे फोटो घेऊन गेलो. त्याने झिजलेले आटे पाहिले आणि मान हलवली. "चूड़ी मर गई, सर. अब पुलर से नहीं निकलेगा. बोल्ट मत लगाइए, ऐसे ही पेडल मारिए. जोर पड़ेगा तो खुद ढीला हो जाएगा."

वर येऊन मी सायकलवर बसलो, तर माझ्या नव्वद किलोंनी स्टँडच वाकायला लागला. उतरलो, फरशीवर बसलो आणि चक्क रडलो. उद्या सोमवार. आज रविवार म्हणून बाजार बंद. जी सायकल बायकोला वाचवणार होती, तिचीच माझ्या मेल्या शहाणपणाने वाट लावली.

आवाज थांबला म्हणून ती वॉकर टेकत आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उठा. स्टूल आणा. मी बसते."

मी मागचा ब्रेक आवळून धरला आणि दुसऱ्या हाताने पेडल. म्हटलं, "डाव्या पायाने दाब. माझ्या कमरेत लाथ घालतेयस असं समज."

"समजायचं कशाला?" ती म्हणाली आणि दाबलं. "आई गं!"

क्रँक ढिम्म. पुन्हा दाबलं. दर वेळी ती श्वास घ्यायला थांबली की मी पेडल उलटं फिरवून थोडं वर आणायचो, तिला न सांगता. दहा वेळा, पंधरा वेळा. तिचं कपाळ हँडलला टेकलं होतं. थांब म्हणावंसं वाटत होतं, पण थांबवून करणार काय?

कट्‌कन आवाज आला. वाटलं, तिचा गुडघा गेला. बघतो तर क्रँक बोटभर बाहेर सरकलेला. आणि तिचा पाय पेडलवर इतका वर की गुडघा नव्वदच्या पुढे वाकलेला, नुसत्या डोळ्यांनी कळत होतं.

"अगं, बघ! कुठे आलाय तुझा पाय!"

"माहितीये. दर वेळी पेडल वर घेत होतात, कळत नव्हतं का मला? बोलला असतात तर मी उतरले असते."

मग तिने माझा खांदा घट्ट धरला आणि ती लहान मुलासारखी रडू लागली. "मला पुन्हा झोपवू नका हो त्या टेबलावर."

"नाही," मी म्हटलं. ते माझ्या हातात नव्हतं, तरी म्हटलं. ती तिथेच बसून राहिली. मी उजव्या क्रँकचा बोल्ट काढला आणि सगळ्यात आधी वॉशर शोधला.