आखाजीपर्यंतचा घाम

जळगावात राहून जो माणूस घाम काढायचा क्लास लावतो, त्याला आधी डोक्याच्या डॉक्टरकडे न्यावं, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. मी क्लास लावला त्या दिवशी त्यानं ते चहा पिता पिता मला ऐकवलं, मग शेजाऱ्यांना, दूधवाल्याला आणि फोन करून माझ्या भावालाही. हॉट योगा म्हणजे बंद खोली चाळीस अंशांपर्यंत तापवायची आणि तिच्यात तासभर आसनं करायची. मे महिन्यात आमच्याकडे खोली आपोआप तापते, फक्त आसनांऐवजी आम्ही कूलरसमोर लोळत असतो.

पण मला कारण होतं. माझा उजवा गुडघा आखडला होता. डॉक्टर म्हणाले, झिजलेला नाही, तुम्ही हलवत नाही म्हणून रुसलाय. रुसलेल्या गुडघ्याचं मी एरवी फारसं मनावर घेतलं नसतं, पण पुढं आखाजी होती, आमच्याकडची अक्षय्य तृतीया. धरणगावजवळच्या माझ्या माहेरी आखाजीला अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधतात. फळीवर दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, एकीनं गुडघे वाकवून जोर द्यायचा, मग दुसरीनं. माझी जोडीदारीण कायम अक्का, माझी सहा वर्षांनी मोठी बहीण, सोनगीरला दिलेली. तीन वर्षांपूर्वी माझा गुडघा आखडला आणि मी फळीवरून प्लॅस्टिकच्या खुर्चीत आले. त्याच आखाजीला अक्काचेही गुडघे दुखायला लागले. तेव्हापासून आम्ही दोघी खुर्च्या लावून झोका खेळणाऱ्या भाच्या-सुनांना नावं ठेवत बसतो. त्यातही मजा येते, खोटं कशाला बोलू. पण फळी वर जाताना पोटात जो गोळा उठायचा, तो आठवला की मला रडू यायचं. यंदा झोक्यावर उभं राहायचंच, असं मी दिवाळीनंतर ठरवलं आणि हे कुणालाही सांगितलं नाही.

नवऱ्यानं भावाला सांगितल्यामुळे क्लासची बातमी दोन तासांत सोनगीरला पोचली. अक्काचा तिच्या अहिराणीत फोन आला. "पैसा दीसन घाम काढस? आठे ये, फुकट निंघी." मी वजन कमी करायचंय असं सांगून वेळ मारून नेली.

क्लास एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. शिकवणारी माझ्या मुलीच्या वयाची, पुण्याहून शिकून आलेली. पहिल्या दिवशी सकाळी फी भरायला गेले तेव्हाच तिनं सांगितलं की यायच्या आधी तीन तास काही खायचं नाही. मी मान हलवली. आता त्याच दुपारी ऑफिसातल्या बायकांची शेतात भरीत पार्टी होती, हा काय माझा दोष? वांगी काड्यांवर भाजलेली, हिरवी मिरची आणि लसूण हात सोडून घातलेला, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. खानदेशी माणूस भरिताला खाणं समजत नाही, ते हिवाळ्याचं कर्तव्य असतं. चार वाजता तिसरी भाकरी संपवून मी सहाच्या क्लासला हजर झाले. दारं बंद झाली, हीटर लागले, आणि वीस मिनिटांत माझ्या अंगातून लसूण बाहेर पडू लागला. खोलीभर शेतातल्या चुलीचा वास. शेजारच्या मारवाडी काकू, ज्या घरात कांदासुद्धा आणत नाहीत, चटई गुंडाळून भिंतीकडे सरकल्या. पुढं वाकताना माझ्या पोटानं जो आवाज केला, तो मी रस्त्यावरच्या रिक्षावर ढकलला. कुणाचा विश्वास बसला नाही.

तेव्हा कुणाला असा क्लास लावायचाच असेल तर ऐका, तीन तास म्हणजे तीन तास. पाणी सकाळपासून घोट घोट प्यायचं. क्लासच्या दारात उभं राहून बाटली रिकामी केली तर ती आसनभर पोटात डुचमळते. दोन टॉवेल न्यायचे, एक चटईवर अंथरायला. माझ्यासारखा एकच नेलात तर हात घसरून काकूंच्या पायाशी लोटांगण घडतं, आणि त्या आशीर्वादही देतात. गरगरलं की मुकाट्यानं पडून राहायचं, त्यात लाज कसली. घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक. बीपी असेल तर आधी डॉक्टरला विचारायचं. आठवड्यातून तीनच दिवस, पण ते चुकवायचे नाहीत. मी पिशवी रात्रीच भरून नवऱ्याच्या चपलांवर ठेवायचे, म्हणजे ती ऑफिसला न्यायची आठवण सकाळी तोच ओरडून करायचा.

सगळ्यात मोठी गोष्ट मला उशिरा कळली. उष्णतेत अंग सैल पडतं आणि आपल्याला वाटतं, आपण सोळा वर्षांचे झालो. फेब्रुवारीत मी अशाच भ्रमात गुडघा जास्त ताणला आणि दहा दिवस लंगडत फिरले. त्या दहा दिवसांत मी खरंच घाबरले. आखाजी अडीच महिन्यांवर होती आणि मला मोरीची पायरीही उतरवत नव्हती. शिकवणाऱ्या पोरीनं चिडून सांगितलं की अंग म्हणतंय त्याच्या थोडं अलीकडे थांबायचं. मग मी थांबायला शिकले. मार्चमध्ये तिनं हीटर बंद केले आणि फक्त खिडक्या लावून घेतल्या; फी मात्र तीच राहिली.

त्याच सुमारास अक्काला फोन केला तर ती धापा टाकत होती. गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती म्हणे, सकाळपासूनची तिसरी खेप. मी तिला गुडघ्यांना जप म्हटलं आणि फोन ठेवला.

आखाजीला माहेरी पोचले तेव्हा अंगण तव्यासारखं तापलं होतं. खापरावरचे मांडे आणि आमरस समोर आला, मी अर्धाच मांडा खाल्ला. अक्का माझ्याकडे टक लावून बघत राहिली. ऊन कलल्यावर झोका मोकळा झाला, तशी मी खुर्चीतून उठले, पदर खोचला, दोर धरले आणि फळीवर चढून उभी राहिले. गुडघा हूं की चूं नाही. मी ऐटीत मान वळवून म्हटलं, "अक्का, ये."

म्हटलं, आणि जीभ चावली. पाच महिने मी माझ्याच गुडघ्याचा जप केला होता. झोक्याला दोघी लागतात आणि दुसरीचेही गुडघे दुखतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मी खाली उतरायला निघाले.

तेवढ्यात अक्का उठली. खुर्चीच्या हाताचा आधार न घेता उठली, ओचा खोचला आणि एका टांगेत फळीवर आली. फळी हललीसुद्धा नाही. मी तिच्या पायांकडे बघतच राहिले.

"तुझे गुडघे?" मी विचारलं.

"मना गुडघासले काय व्हयनं?" तिनं दोर घट्ट धरले. "तू एकली बसशी, म्हनीसन मी बी बसनू."

तीन वर्षं. माझे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळे नव्हते. अक्कानं तिकडे लक्षच दिलं नाही. तिनं गुडघे वाकवले आणि पहिला जोर दिला.