उलटा सिनेमा

भुताखेताचं कुणी बोलायला लागलं की मी भाकरी थापायला उठून जाणारी बाई. आजही तशीच आहे... ही एक गोष्ट सोडून. शाळा चौथीतच सुटली, लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या.

मी सुरतेत मुलाकडं असते. नात मोबाईलवर तेच चिमुकलं कार्टून दिवसभर बघते. सूनबाई रागावते, मी नाही. लहानपणी आमचंही तसंच होतं.

आमचं गाव ढोकीजवळ. आई बहात्तरच्या दुष्काळात गेली, मी तेव्हा रांगत होते. मावशी साखर कारखान्यावर झाडलोट करायची, तिनंच मला वाढवलं — तिचे उपकार फिटायचे नाहीत. आईचा फोटो एकही नाही. पण त्या दुष्काळात तलावाच्या कामावर कुणीतरी एक सिनेमा काढला होता. मुका, बिडी विझायच्या आत संपणारा. पुढं एका साली ऊस नव्हता, गोदाम रिकामं पडलं. तिथं कारखान्यातले जब्बारचाचा भरदुपारी दारं लावून आम्हा पोरांना तो दाखवायचे.

बाया मातीच्या पाट्या घेऊन बांध चढतात, बस. "शेवटची, पाठीवर ठिगळ हाय ना, ती तुझी आय," मावशीनं दाखवलं होतं. पण सगळ्या पाठमोऱ्या. तोंड कधी दिसायचंच नाही.

संपला की आमचा गलका, "चाचा, आता उलटा लावा की." रीळ मागं घेताना चाचा मशीनचा दिवा चालूच ठेवायचे. मग बाया मागं मागं पावलं टाकत बांध उतरायच्या आणि पोरं लोळून हसायची. मी हसत नसे. उलट्यात आई जवळ यायची ना... पाठमोरी का होईना.

एका दुपारी असाच उलटा चालू होता. सगळ्या पाठमोऱ्या उतरत होत्या. शेवटची मात्र वळली. तोंड आमच्याकडं करून, पाय जपत, सरळ खाली आली — पार पडद्याच्या काठापर्यंत. माझ्याकडं बघून हसली आणि तोंडावर पदर घेतला. पोरं आपली हसतच होती. त्यांना काही दिसलं नसावं.

घरी सांगितलं तर मावशी म्हणाली, "उन्हानं टकुरं फिरलंय तुझं."

"मावशे, तिचा म्होरचा दात अर्धा होता का?"

मावशीचा पिठातला हात थांबला. "तुला कुणी सांगितलं? त्याच्यापायीच तर ती हसताना पदर घ्यायची."

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्यासोबत आली. चाचांनी सुलटा लावला. बाया बांध चढल्या. ठिगळवाली शेवटची नव्हती.

"फिलम कापली व्हय ओ?" मावशीनं विचारलं.

चाचांनी अख्खं रीळ बोटांतून सोडून पाहिलं. "जोड असता तर बोटाला लागला असता, बाई. कुठंच कापली न्हाय."

नंतर कितीदा बघितला, सुलटा, उलटा. ती दिसली नाही. आता चाचा नाहीत, मावशी नाही. उलगडा कुणाला विचारू?

नात "आजी, परत लाव" म्हणते. मी लावते, आणि तिच्या मागं बसून पडद्याचा काठ बघत राहते. जीव घाबरतो, ते एकाच गोष्टीनं. आई माझ्यासाठी बांध उतरली, ती पुन्हा चढली नाही. आणि मी लग्न होऊन इतक्या लांब निघून आले... तिला तर ढोकीच्या पुढचा रस्ताही ठाऊक नव्हता.