मळखाऊ रंग

शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी 'झाडे लावा, पृथ्वी वाचवा' असा फलक दिसला की माझं डोकं फिरतं. असले फलक मीच पोरांकडून ढिगाने रंगवून घेतलेत. सुरतेत मराठी शाळेवर विज्ञान शिकवायचे मी. पृथ्वीला ताप आलाय, तोंडात थर्मामीटर आहे, हे चित्र इतक्या वेळा बघितलंय की आता मलाच ताप येईल. बक्षिसाला कंपासपेटी द्यायची, टाळ्या वाजवायच्या आणि घरी येऊन पंखा लावून बसायचं. झालं पर्यावरण.

आमची सोसायटी बमरोलीच्या बाजूला. चार मजले, लिफ्ट नाही, बहुतेक बिऱ्हाडं खानदेशातली. मी दुसऱ्या मजल्यावर. अगदी वर, गच्चीच्या खाली, एक जोडपं राहतं. तो सचिन गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवायच्या मिलमध्ये होता. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, सहा वर्षं खाटेवर आहे. ती घरी बसून साड्यांना लेस लावते. मागच्या वैशाखात त्याला घरातल्या घरात ऊन लागलं. तीन दिवस सलाइनवर होता. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, खोली थंड ठेवा, असा आणखी एक उन्हाळा यांना झेपणार नाही.

थंड ठेवा म्हणे! एसी परवडत नाही, आणि कूलर लावला तर सुरतेच्या दमट हवेत अंग नुसतं चिकचिकतं. या वर्षी होळी होते न होते तोच ती माझ्याकडे आली. म्हणाली, वरच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो, टॉवेल ओला करून यांच्या अंगावर टाकते तर घटकाभरात तोच गरम होतो. तुम्ही विज्ञानाच्या बाई, काहीतरी सांगा. मी फाडकन उत्तर दिलं, गच्चीला पांढरा रंग द्यायचा. आत्ताचा गडद रंग ऊन पितो, पांढरा परतवून लावतो. किती वर्षं वर्गात शिकवलं होतं हे. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग मान हलवून गेली.

मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: चुना, पांढरं सिमेंट आणि गोंद, एका रविवारचं काम, सगळ्यांनी हात लावा. मग काय विचारता! पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, कुरडया-पापड कुठे वाळत घालायचे? तापल्या गच्चीवर एका दिवसात कडकडीत होतात. कुणी म्हणे, पांढरा मळतो. कुणाला उतराणला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवताना डोळे दिपायची काळजी. अहो, उतराण आत्ता जानेवारीत झाली, पुढची यायला दहा महिने! सोसायटीचे प्रमुख बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी शहाणपण शिकवलं, आपल्या बादलीभर चुन्याने जगाचं तापमान उतरणार आहे का? आधी मिलच्या धुराड्यांना सांगा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धुराड्यांना मी सोडत नाहीच. पण धुराडी सुधारेपर्यंत वरच्या माणसाने भाजून निघायचं? तुमच्या कुरडया वाळाव्यात म्हणून? जगाचं राहू दे मेलं, एका खोलीचं तरी उतरवा की! हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं आणि पाठवण्याआधी पुसून टाकलं, कारण आजवरच्या माझ्या भाषणांनी काय दिवे लागले होते ते मला ठाऊक होतं. त्याऐवजी एकच ओळ टाकली. रविवारी दुपारी अडीचला मीटिंग, चौथ्या मजल्यावर, त्यांच्या खोलीत, चहा माझ्याकडून.

आले सगळे, कुणी चहासाठी, कुणी माझ्या तोंडाच्या भीतीने. पंखा फुल होता आणि भट्टीची हवा खाली ढकलत होता. दहा मिनिटांत प्रमुखांचा शर्ट पाठीला चिकटला. वहिनी पदराने वारा घेत होत्या. खाटेवरचा माणूस कपाळावर ओला पंचा घेऊन छताकडे बघत पडला होता, त्याची बायको पाण्याचे पेले फिरवत होती. मी चहा ओतला, मुद्दाम उकळता, आणि एकेकाला प्यायला लावला. मजा वाटत होती मला, खोटं कशाला बोलू.

शेवटी प्रमुखांनी घाम पुसत विचारलं, "पण वर हा गडद रंग निवडला कुणी?"

पेले फिरवणारा त्याच्या बायकोचा हात थांबला. ती खाली बघायला लागली.

आणि मला आठवलं. पाच वर्षांपूर्वी गच्ची गळत होती, वॉटरप्रूफिंगचा रंग आणायला मीच गेले होते. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले, पांढरा आणि विटकरी. पांढरा उन्हाला बरा, असंही तो म्हणाला. मी म्हटलं, नको, मळखाऊ द्या. चादरी, पडदे, पोरांचे शर्ट, जन्मभर तेच बघून घेतलं आणि गच्चीलाही तेच घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! शिवाय त्या उन्हाळ्यात कुरडया काय सुरेख वाळल्या म्हणून सगळ्यात जास्त मीच मिरवले होते. त्या बाईला हे माहीत होतं. पाच उन्हाळे माहीत होतं, तरी ती माझ्याकडेच उपाय विचारायला आली होती. इतकी लाज वाटली की आता चिडायचं कुणावर तेच कळेना.

"मी," मी म्हटलं. "मीच निवडला."

पुढच्या रविवारी झाडून सगळे गच्चीवर होते, वहिनी कुंचा घेऊन, प्रमुख लुंगी खोचून. कुरडया यंदा खाली पार्किंगजवळच्या उन्हात घालायच्या, हे वहिनींनी आपणहून ठरवलं. दोन हात मारले. चुन्याने माझ्या बोटांची सालं निघाली. निघू देत म्हटलं.

चार दिवसांनी भर दुपारी वर गेले. भिंतीला हात लावला, कोमट होती. ती दारातच हळूच म्हणाली, "दुपारले झोप लागनी त्यासले," आणि तिचे डोळे भरून आले. आमच्या कुजबुजीने तो जागा झाला. छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. अर्ध्या तोंडाने शब्द ओढत त्याने विचारलं, "बाई, एवढंच करायचं होतं?"

रागाने बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. पण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "एवढंच."