शब्बीरने हात न लावलेली गाडी

शब्बीर मिस्त्रीला यवतमाळच्या एका शोरूमच्या मालकाने फसवलं. आधी त्याची अक्कल वापरली, मग त्याचं नाव नासवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण माणूस गेल्यावर गोड लिहायचं अशी रीत आहे आणि ती मला पाळायची नाही. दिवाळीच्या तोंडावर शब्बीर गेला. हृदय बंद पडलं म्हणतात. फोन आला तेव्हा मी बाभुळगावला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी एका व्यापाऱ्याशी भाड्यावरून भांडत होतो. ते भांडण अर्धवट टाकून शब्बीरचं गाव, नेर, गाठलं, तोवर माणसं कब्रस्तानाकडे निघालेली. आणि तिथे, फाटकाजवळ कोण उभं असावं... तेच शोरूमचे मालक. डोक्यावर रुमाल, तोंडावर दुःख. मला म्हणाले, "मोठा गुणी माणूस गेला, दिवाकरभाऊ." ऐकून मी बाह्या सरसावल्या. शब्बीरच्या बायकोच्या, नसरीनभाभींच्या, भावाने माझा दंड धरून मला बाजूला नेलं, म्हणून त्या दिवशी तमाशा झाला नाही.

माझ्या मालवाहू पिकअप गाड्या आहेत. एका भंगारातल्या गाडीपासून सुरुवात केली. तिचा ड्रायव्हर मीच, हमालही मीच. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. शब्बीर भेटला ती कापसाची वर्षं वाईट होती. निम्मं बोंडअळीने खाल्लं, उरलं त्याला भाव नाही, आणि सरकारी खरेदी केंद्रावर गाड्यांच्या अशा रांगा की नंबर हुकला तर पुन्हा शेपटाला जाऊन लागायचं. अशाच एका रांगेत, सकाळच्या दवात, माझी नवीकोरी गाडी मुकी झाली. डॅशबोर्डवरचे सगळे काटे शून्यावर, सगळे दिवे एकदम पेटलेले, चावी फिरवली तर आतून हूं नाही की चूं नाही. मागचे गाडीवाले माझ्या आईबहिणीचा उद्धार करायला लागले. कोणीतरी शब्बीरला बोलावून आणलं. आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा, मग गाड्यांच्या वायरिंगमध्ये शिरलेला, उंच, मेंदी लावलेली दाढी, चालणं असं की जसा काही रांगेचा मालक तोच.

"काय भरलं होतं?" त्याने विचारलं.

"दिसत नाही का? कापूस!"

"आत्ताचं नाही इचारून राह्यलो. येताना काय आणलं होतं?"

"युरिया."

"मंग ठीक आहे. चहा सांगा." त्याने बॅटरीची वायर काढली आणि चाकावर टेकून बसला.

"अबे, लोक शिव्या देऊन राह्यले अन् तुले चहा कायले पाह्यजे?"

"भाऊ, गाडीतल्या डब्ब्यायले झोपाले टाइम लागते. झोपल्याबिगर मोजता येत नाही. तुमी चिल्लावल्यानं ते लवकर झोपते का?"

मागचे शिव्या देणारेच हसायला लागले. चहा झाल्यावर त्याने मीटर काढलं आणि काम करता करता समजावून सांगितलं, तेही मी खनपटीला बसलो म्हणून. हल्लीच्या गाडीत इंजिनाचा एक डबा, ब्रेकचा एक, डॅशबोर्डचा एक, आणि हे सगळे एकमेकांत गुंफलेल्या दोन तारांवर आपसात बोलतात. दोन्ही टोकांना वीज अडवणारा एकेक रोध बसवलेला असतो, म्हणून तारा धड असल्या की मीटर साठ ओहम दाखवतं. दुप्पट दाखवलं तर कुठेतरी तार तुटली, शून्याकडे गेलं तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या. एका ठिकाणी चिकटल्या की सगळेच डबे मुके. त्यात डब्यांचा दोष काहीच नसतो. माझ्या गाडीत आकडा शून्याकडे होता. मग तो एकेक जोड सोडवत मागे मागे सरकला. मागच्या डाल्याखाली, म्हणजे माल भरायच्या हौद्याखाली, सायलेन्सरच्या सेन्सरकडे जाणारा जोड सोडवला आणि मीटरवर साठ उमटले. जोड उघडून त्याने आधी वास घेतला, मग माझ्या नाकाशी धरला. आत हिरवट लगदा. आम्ही गावातून कापूस नेतो आणि परतताना खताची पोती आणतो. एखादं पोतं फाटलेलं असतंच. सांडलेला युरिया फटीतून खाली झिरपतो, दव पडलं की पाणी धरतो आणि तांबं खातो. दुपारी ऊन तापलं की वाळतो, गाडी पुन्हा बोलू लागते, आणि मालकाला वाटतं, आपोआप बरी झाली.

शब्बीर काही गरीब गाय नव्हता. भांडकुदळ, गर्विष्ठ, गिऱ्हाइकाला तोंडावर मूर्ख म्हणणारा. दसरा झाला की त्याच्या दुकानापुढे गाड्यांची रीघ लागायची, कारण पूजेसाठी आम्ही सगळे बॉनेट उघडून जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुतो, आणि ते पाणी जिथे जायला नको तिथे जातं. "देवाले आंघोळ घालता, घाला," तो म्हणायचा, "गाडीच्या मेंदूले कायले घालता बाप्पा? त्याले का संध्या करा लागते?" मी कमी करा, कमी करा म्हणून त्याच्या मागे लागायचो, तो ढिम्म हलायचा नाही. उलट म्हणायचा, "दिवाकरभाऊ, तुमी मेल्यावर यमासंगही घासाघीस करसान." ...आता कोण कोणाच्या आधी गेलं बघा.

माझ्या आग्रहावरून तो जोड घेऊन आम्ही दोघं शोरूमला गेलो. गाडी वॉरंटीतली होती आणि शोरूमने त्याच दुखण्यापायी आधी तिचा इंजिनाचा डबा बदललेला होता. तिथल्या इंजिनीयरसाहेबांनी जोड हातात घेतला, स्वतः मीटर लावलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांत हेच असणार." त्यांना सगळं कळत होतं. म्हणूनच पुढचं आठवलं की किळस येते. न कळणाऱ्याला माणूस माफ करतो...

मालकांनी शब्बीरला चहा पाजला आणि त्या दिवसापासून अडलेल्या गाड्यांसाठी त्याला मागच्या दाराने बोलवायला लागले. तो दोष शोधायचा, जोड साफ करायचा, घरी जायचा. पुढच्या दाराने गिऱ्हाइकाला सांगितलं जायचं, की तुमचा डबा जळला, नवा टाकला. न बदललेल्या डब्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून, नाहीतर वॉरंटीत कंपनीकडून वसूल. शब्बीरला हे माहीत नव्हतं. कळलं ते झरी जामणीकडच्या एका ड्रायव्हरमुळे. तो नव्या डब्याचं बिल घेऊन बाहेर उभा, आणि त्याच गाडीखालून शब्बीर कपडे झटकत निघालेला. शब्बीरने विचारलं काय झालं, आणि उत्तर ऐकून भर शोरूममध्ये ओरडला, "डब्बा बदलला? कोनी? डब्बा तर ठणठणीत आहे! मी आत्ता जोड पुसून राह्यलो होतो!"

तिथेच त्याचा काटा काढायचं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून शोरूममध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगायला सुरुवात झाली, की नेरचा शब्बीर वायरी कापतो, त्याने हात लावलेल्या गाडीची वॉरंटी आम्ही धरणार नाही. आणि आमचे गाडीवाले! ज्यांच्या गाड्या त्याने रांगेत, चिखलात झोपून चालू केल्या होत्या, ते रस्ता बदलून जायला लागले. मी स्टँडवर एकेकाला धरून बोललो, दोघांशी मारामारीवर आलो. "खरं असन भाऊ, पण वॉरंटी गेली तं तुमी द्यान का?" इंजिनीयरसाहेबांनी तेवढ्यात बदली करून घेतली. ज्या माणसाचा सगळा ताठा हातातल्या कामावर उभा होता, तो शटर अर्धं ओढून आत बसून राहायला लागला. मी गेलो की म्हणायचा, "लोकं म्हनते मी तारा कापतो. मी! ...एकदा तरी त्या शोरूमवाल्यानं चारचौघांत सांगावं, शब्बीरनं कापली नाही म्हनून." बाकी काहीच मागत नव्हता.

परवा नसरीनभाभींकडे गेलो होतो. दुकान अजून तसंच आहे. बाकावर तारांच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात त्याची गुडघ्यावर फाटलेली निळी पँट, भिंतीला लटकवलेला आरसा, ज्यात बघून तो दाढी विंचरायचा. आम्ही बसलो होतो एवढ्यात बाभुळगावचे एक गाडीमालक तणतणत आत आले.

"कुठं आहे तो शब्बीर? माह्या नव्या गाडीची वायर काहून कापली त्यानं? शोरूमवाले म्हनते, तुमच्या ड्रायव्हरनं गाडी नेरले शब्बीरकडे नेलती."

भाभींनी पदर सारखा केला. "गाडी कधी घेतली, भाऊ?"

"दिवाळीच्या पाडव्याले. मुहूर्तावर."

"ते तर दिवाळीच्या आधीच गेले."

त्या माणसाने हातातली चावी खिशात घातली आणि दाराबाहेर जाऊन चप्पल काढून परत आत आला. मी उठलो, त्याच्या गाडीखाली शिरलो. वायर कुठेच कापलेली नव्हती. डाल्याखालचा जोड उघडला तर आत हिरवा लगदा भरलेला.

मालक, वर्तमानपत्राचं हे पान तुमच्याकडेही येतं. शोरूमच्या काउंटरवर तुम्ही ते पसरून वाचता, मी पाहिलं आहे. तेव्हा उत्तर द्या, आणि मला एकट्याला गाठून नको, नेरच्या स्टँडवर सगळ्या गाडीवाल्यांसमोर येऊन द्या. पाडव्याला तुम्ही हार घालून ती गाडी दारातून काढून दिलीत, तेव्हा शब्बीर मातीखाली होता. त्याला माती देताना तुम्ही स्वतः हजर होतात. मग तिची वायर कापायला तुम्ही त्याला कोणत्या तोंडाने उठवलंत?