पहिला बार अण्णांचा

आमचे अण्णा कुणाच्या हाकेला ओ देत नसत. आईनं स्वयंपाकघरातून हाका मारमारून घसा कोरडा केला तरी पेपर खाली येणार नाही. "माझ्या बोलण्याला या घरात काडीची किंमत नाही," हे ती मग भिंतीला ऐकवायची. कधी उत्तर आलंच तर "सरी, सरी". कन्नडातलं बरं, ठीक आहे, एवढंच. मी गणितात नापास झाल्याचं सांगितलं तेव्हाही "सरी, सरी"! वडील मिजासखोर आहेत, हे मी आणि अक्कानं कधीच ठरवून टाकलं होतं. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दिवसभर पत्रे ठोकायची प्रेस चालवायची, घरी यायचं, जेवायचं आणि गप्प बसायचं, हा त्यांचा क्रम.

फक्त दिवाळीत हा माणूस आमचा व्हायचा. लक्ष्मीपूजन आटोपलं की येलहंक्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर चटई टाकून आम्ही चौघं आभाळ बघायचो. चारी बाजूंनी रॉकेटं सुटतायत, खाली रस्त्यावर माळा तडतडतायत, गल्लीतली कुत्री जिन्याखाली दडलेली. आणि अण्णा डोक्याखाली हात घेऊन उताणे पडलेले. म्हणायचे, "किती शांत वाटतं नाही इथे?"

आम्ही पोट धरधरून हसायचो. अक्का म्हणायची, "अण्णा, आमच्या कानांचे पडदे फाटले आणि तुम्हाला शांत वाटतंय?" मग तेही हसायचे. वडिलांनी वर्षभरात केलेला एकुलता एक विनोद म्हणून आम्हाला त्याचं कोण कौतुक! मी शाळेतसुद्धा सांगत फिरायचे.

मी नववीत होते त्या दिवाळीची ही गोष्ट. नरकचतुर्दशीला आमच्याकडे एक खूळ होतं, आजोबांपासून चालत आलेलं. आदल्या संध्याकाळी न्हाणीघरातला हंडा लख्ख घासून, त्यावर चुन्याची बोटं ओढून, पाण्यानं भरून ठेवायचा. पहाटे त्याखाली जाळ घालायचा. आणि अंगाला तेल लागलं की आंघोळीआधी घरच्या कर्त्या पुरुषानं अंगणात पहिला बार उडवायचा. तो फुसका निघाला तर वर्ष वाईट जाणार. म्हणून न उडालेला बार तसाच टाकून आत यायचं नाही, पुन्हा पेटवायचा. खूळच ते, दुसरं काय! पण पाळत होतो.

त्या साली पाऊस हटायलाच तयार नव्हता. फटाके सगळे सर्दावलेले. अक्कानं ते उन्हात टाकायला गच्चीवर नेले, पण ऊन असेल तर ना.

पहाटे अण्णा तेलकट अंगानं, पंचा नेसून अंगणात उतरले. मधोमध सुतळी बॉम्ब ठेवला, उदबत्तीनं वात पेटवली आणि चार पावलं मागे आले. वात जरा सुरसुरली आणि विझली. आम्ही ओसरीवर उभ्या. काहीच होईना. अण्णांनी मान हलवली आणि ते परत बॉम्बकडे निघाले. तेवढ्यात मला ऐकू आलं. सुर्रर्र! दिसत काही नव्हतं, पण वात आतून जळत होती. अक्कालाही ऐकू आलं, आईलाही. कुंपणापलीकडे रांगोळी घालणाऱ्या शेजारीणबाईसुद्धा ताडकन उठल्या.

आम्ही किंचाळलो. "अण्णा, नको! मागे या!" शेजारीणबाई कन्नडात "बेडा री, बेडा!", नको हो नको, म्हणून ओरडतायत. आईच्या तोंडून तर "अहो! अहो!" यापलीकडे शब्द फुटेना. आम्ही हात हलवत होतो, जागच्या जागी उड्या मारत होतो. अण्णांनी वर बघितलं. आमच्याकडे बघितलं आणि छानपैकी हसले. उदबत्तीचा हात उंच करून आम्हाला हलवून दाखवला आणि खाली वाकले.

देवा रे! ते हसू मला आजही दिसतं.

बार उडाला. धुरातून अण्णा बाहेर आले ते उजवा हात डाव्या हातात धरून. डोळे वाचले, कसे ते देवाला ठाऊक. भुवया जळाल्या होत्या आणि दोन बोटं सोलून निघाली होती. त्याच हातावर आमचं घर चालत होतं. मी धावत गेले आणि मला रडू यायच्या ऐवजी संताप आला. "एवढं बोंबलत होतो आम्ही! ऐकायचंच नाही म्हणजे काय? किती ती मिजास!" जन्मात वडिलांसमोर असा आवाज चढवला नव्हता.

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ओरडत होतात? मला वाटलं, खूश होऊन नाचताय."

आई पायरीवर मटकन बसली. "अगं बाई," ती म्हणाली, "मग मी इतकी वर्षं भांडत होते ती कुणाशी?"

डॉक्टरांनी बोटं बांधली आणि कानही तपासले. प्रेसच्या आवाजानं हळूहळू गेले होते. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात म्हणे, म्हणजे आम्ही तिघीच आधी गेलो. अण्णांना हे ठाऊक होतं. कारखान्यात कळलं तर मशीनवरून काढतील, या भीतीनं त्यांनी घरातही तोंड उघडलं नव्हतं. ओठ हलताना दिसले की अंदाजानं "सरी, सरी".

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो, कारण अण्णाच आधी जाऊन बसले होते. बांधलेला हात छातीवर ठेवून ते उताणे पडले. सगळं गाव धडाडत होतं. मला वर बघवेना.

"किती शांत वाटतं नाही इथे?" अण्णा म्हणाले.

अक्कानं ओठ घट्ट मिटून घेतले. मी चटईची काडी उपसत बसले. अण्णा कोपरावर उठले आणि आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघायला लागले.

"आज हसला नाहीत?" त्यांनी विचारलं. "दरवर्षी हसता. का हसता, ते मला कधी कळलं नाही."